पाचव्या माळेची फुलं

"पिवळा बाण घाटाकडं, निळा बंधाऱ्याकडं. आणि हिरव्यावर आपण जायचं नाही, तिकडं सायकलवाले अंगावर येतात," हातातली आकडीची काठी हवेत फिरवत अप्पांनी मला समजावलं.

सांगलीत कृष्णेकाठचे ते सगळे रस्ते जणू पदरमोड करून त्यांनीच बांधले होते, अशा थाटात ते पुढं चालले होते. मी दोन पावलं मागं. नवी सून होते ना! नवऱ्याची नोकरी पुण्याला, तो शनिवार-रविवारचा पाहुणा. एरवी घरात सासूबाई, अप्पा आणि मी. त्या दिवशी सासूबाईंनीच मला घराबाहेर ढकललं होतं. "माझे गुडघे काही मला नदीपर्यंत नेत नाहीत. तू तरी बघून ये, सगळं गाव त्या नव्या रस्त्यांचं कौतुक करतंय," म्हणाल्या.

आणि कौतुक करण्यासारखं होतंच. नदीला लागून एक मोठा रस्ता, त्याला फुटलेले चार-पाच फाटे, कुठं उसाच्या कडेनं, कुठं नदीच्या गाळातल्या मळीच्या वांग्यांच्या वाफ्यांमधून. चालणाऱ्यांना वेगळी वाट, सायकलींना वेगळी. कडेला गावातल्या लोकांनी आपापल्या माणसांच्या नावानं लावलेली झाडं. ही झाडं आधी लागली आणि रस्ते मागाहून झाले. आपल्याकडं एरवी रस्ता आधी होतो आणि त्यासाठी झाडं तोडतात, पण इथं कसं कोण जाणे, उलटं घडलं होतं.

अप्पा म्हणजे माझे सासरे, अप्पा जोगळेकर. जन्म पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नदीच्या पाण्याचे कागद रंगवण्यात गेला, नदी बघायला सवड मिळाली ती निवृत्त झाल्यावर. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, गावात मान. एकच खोड होती. सकाळी फिरायला निघताना एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडी. वाटेत कुणाच्याही कुंपणातून डोकावणारी जास्वंद असो, कण्हेर असो, तगर असो, आकडी लागलीच. "देवाला विकतची फुलं चालत नाहीत," हे त्यांचं शास्त्र. आणि चोरीची चालतात का, असं त्यांना विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. तशी ही खोड एकट्या त्यांची नव्हती म्हणा. त्या वेळी सकाळी फिरणाऱ्या दहा म्हाताऱ्यांपैकी सहांच्या हातात पिशवी असायचीच.

नवरात्र चालू होतं. घरी घट बसलेले, रोज एक माळ चढायची, त्यामुळं अप्पांची आकडी जोरात होती. "तू हो पुढं, मी आलोच," असं म्हणून ते निळ्या बाणाच्या फाट्यावर वळायचे आणि थोड्या वेळानं भरल्या पिशवीनं परत यायचे. पिशवीत वर जास्वंदी, आणि कधीमधी तळाशी सोनचाफ्याचं एखाद-दुसरं फूल. चाफा आणला की स्वारी खूश असायची. "एक देवीला, एक तुम्हा दोघींना," म्हणायचे. गणपतीत असाच एक चाफा सासूबाईंनी स्वतः न माळता माझ्या केसांत खोवला होता. दिवसभर घर घमघमत होतं.

अप्पा फाट्यावर गेलेले असताना मी एकटीच एका बाकावर बसायचे आणि सायकलींकडं बघत राहायचे. बघत राहायचे कसली, जीव टाकायचे! सोलापूरला असताना कॉलेजात मी सायकलवरच जात होते, चढावर पोरांना मागं टाकत होते. लग्न झालं आणि सायकल माहेरी राहिली. इथं बायकांची एक टोळीच होती. डॉक्टरीणबाई, बँकेतल्या दोघी, एक शिवणकाम करणारी, सगळ्या मिळून दहा-बारा. पुढं असायच्या हेमाताई मगदूम. पन्नाशीच्या, उंच, सलवार-कमीज आणि पायांत बूट. चौथ्या माळेच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर करकचून ब्रेक दाबला.

"रोज बसून बघत असतीस. चालवता येती का?"

"येते की."

"मग बसून काय राहिलीयेस? ये की आमच्यात."

"माझ्याकडं सायकल नाही इथं."

हेमाताईंनी नजरेनंच माझी उंची मोजली. मग म्हणाल्या, "माझ्या मुलीची आहे. प्राचीची. घरी नुसती पडून आहे, चाकं धरायला लागलीत. तुझ्या उंचीला बरोबर होईल. उद्या आणते. आणि उद्या जरा लवकर ये. एक गंमत आहे."

जाता जाता त्यांनी नाव विचारलं, मी शलाका म्हणून सांगितलं. त्या पुढं गेल्यावर शिवणकाम करणारीनं हळूच सांगितलं, पाच वर्षांपूर्वी डेंग्यूत हेमाताईंची एकुलती एक मुलगी गेली, आणि ती सायकल त्यांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी अप्पांच्या. अप्पा म्हणाले, "जोगळेकरांची सून सायकलवर?" सासूबाई म्हणाल्या, "मग काय हत्तीवर बसवताय?" झालं, परवानगी मिळाली. त्या रात्री मला धड झोप लागली नाही. या गावात मला स्वतःचं असं पहिलं काहीतरी मिळणार होतं. सासूची ओळख नाही, नवऱ्याची नाही. माझ्या पायांनी मिळवलेलं.

दुसऱ्या दिवशी पाचवी माळ होती. आम्ही अंमळ लवकरच निघालो. अप्पा नेहमीसारखे फाट्यावर वळले. मी बाकावर न बसता येरझाऱ्या घालत होते. हिरव्या रस्त्यावरून बायकांच्या सायकली येताना दिसल्या, हेमाताईंच्या हातात आणखी एक निळी सायकल होती. पण त्या माझ्याकडं न येता फाट्याकडंच वळल्या. मीही उत्साहानं त्यांच्या मागं निघाले.

वळणावरच अप्पा समोरून लगबगीनं आले. चेहरा लाल. "धर जरा," म्हणून त्यांनी पिशवी आणि आकडी माझ्या हातात कोंबली आणि चष्मा काढून पुसायला लागले. मुद्दाम कोंबली की सहज, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

तेवढ्यात पुढून हेमाताईंचा आवाज आला. "अगं बाई, हे काय!"

एका कोवळ्या चाफ्याखाली सगळ्या जमल्या होत्या. झाडाला लोखंडी जाळी, जाळीला छोटी पाटी. कु. प्राची मगदूम हिच्या स्मरणार्थ. हेमाताई एका फांदीला हात लावून उभ्या होत्या. फांदीच्या टोकाला ताजा मोडलेला देठ होता, अजून ओला.

"काल संध्याकाळी दोन कळ्या होत्या," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "चांगल्या टपोऱ्या. सकाळी उमलणार म्हणून तर तुम्हाला लवकर बोलावलं." हातात पेढ्यांचा पुडा होता. "प्राचीनंच बी लावलं होतं कुंडीत. कलमी आण, लवकर फुलतं, म्हटलं तर म्हणायची, नको, बियाचंच लावायचं. ती गेल्यावर इथं आणून लावलं. इतकी वर्षं वाट बघतेय. यंदा तीन-चारदा कळी धरली आणि दरवेळी गळूनच गेली. खत घातलं, फांदीची साल सोललेली दिसली म्हणून कीड समजून मोरचूद लावलं. म्हटलं, माझ्याच हाताला यश नाही."

आणि तेवढ्यात वास आला. सोनचाफ्याचा वास काय लपवता येतो! एकेक मान वळली. माझ्या हातातल्या पिशवीकडं. दुसऱ्या हातातल्या आकडीकडं.

हेमाताई माझ्यापर्यंत आल्या. पिशवीचं तोंड त्यांनी दोन बोटांनी उघडलं. जास्वंदींच्या वरच दोन्ही फुलं होती.

"शलाका," त्या म्हणाल्या, "कुठली गं ही?"

मी अप्पांकडं पाहिलं. ते माझ्या शेजारीच उभे होते. एका वाक्याचं काम होतं. अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "नवीन आहे हो ती. तिला ठाऊक नव्हतं. पोरीची चूक पोटात घाला."

किती सभ्यपणे म्हणाले! आवाजात काय माया! क्षणभर मलाही वाटलं, की फुलं मीच तोडली आणि हा भला माणूस मला सांभाळून घेतोय. मग भान आलं. मी तोंड उघडलं, पण चार लोकांत सासऱ्यांना खोटं पाडायचं नसतं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. शब्द फुटला नाही. कानांच्या पाळ्या तेवढ्या गरम झाल्या.

हेमाताईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही फुलं ओंजळीत घेतली, वास घेतला आणि नुसतं म्हणाल्या, "देवासाठीच ना? विचारायचं होतंस गं. दिली असती." मग पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकून त्या निघाल्या. निळी सायकल त्यांच्या हाताला धरून परत गेली.

जाता जाता बँकेतली एक दुसरीला म्हणाली, "बघ, आणि तिला प्राचीची सायकल द्यायला निघाल्या होत्या." हळू बोलली, पण मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं.

घरी आलो. आंघोळ करून अप्पा पूजेला बसले. घंटा वाजेना, मंत्र ऐकू येईनात, तेव्हा सासूबाई गुडघे धरत देवघरात गेल्या. मी दाराबाहेरच उभी. पिशवीतली फुलं तशीच होती.

"माळ का ओवत नाही अजून?"

"यातली नको आज," अप्पा म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पाटावर बसकण मारली. बाकी सगळं त्यांनी पाच मिनिटांत वदवून घेतलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मेलेल्या पोरीच्या झाडाची फुलं माझ्या देवीला वाहत होतात?"

"सार्वजनिक जागेतलं झाड आहे. पाटी मी कधी नीट वाचली नाही."

"आणि सुनेच्या माथी मारलंत ते? तेही न वाचताच?"

अप्पांचा आवाज एकदम चढला. "मग काय करायला हवं होतं मी? त्या सगळ्या बायकांपुढं? गावात मला अप्पासाहेब म्हणतात लोक. माझं काय राहिलं असतं?"

मी दाराबाहेरूनच बोलले. लग्न झाल्यापासून त्यांच्यापुढं मी पहिल्यांदा असा आवाज काढला असेन. "आणि माझं, अप्पा?"

त्या दिवशी पाचवी माळ सासूबाईंनी बाजारातून झेंडू मागवून ओवली. देवीला विकतचा झेंडू चांगला शोभून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा निघाले तेव्हा हातात काहीच नव्हतं. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तूही जा. घरचं कुणीतरी ऐकायला पाहिजे."

मला अजिबात जायचं नव्हतं. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस आपल्याकडं बघून हसतोय असं वाटत होतं. बायका चाफ्यापाशीच होत्या. हेमाताई निळ्या सायकलला पंपानं हवा भरत होत्या, बहुधा दुसऱ्या कुणाला द्यायला. मला बघून सगळ्यांच्या गप्पा थांबल्या.

अप्पा सरळ हेमाताईंपुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "मगदूमबाई, काल फुलं हिनं तोडली नाहीत. मी तोडली. मी खोटं बोललो."

पंपाचा आवाज थांबला. हेमाताईंनी अप्पांकडं निरखून पाहिलं आणि त्यांचे डोळे एकदम मऊ झाले.

"पुरे झालं, अप्पासाहेब," त्या म्हणाल्या. "सुनेसाठी या वयात आळ अंगावर घ्यायला निघालात? एवढं मनाला नका लावून घेऊ. लहान आहे ती, शिकेल." मग माझ्याकडं वळून, "नशीब काढलंस हो! असा सासरा दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही."

"आमचे असते तर चौकात उभं केलं असतं मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणीतरी हसलंही.

अप्पा हात जोडून तसेच उभे. खरं तर त्यांचं काम झालं होतं. खरं बोलून झालं, मान शाबूत राहिली, वर थोडा वाढलाच. तिथून ते परत फिरले असते तर कुणाला काय कळणार होतं? मलाही काही म्हणता आलं नसतं. मी त्यांच्याकडं बघत होते. ते परत फिरतील अशी माझी खात्रीच होती.

अप्पा जाळीपाशी गेले. बोट वर करून म्हणाले, "ती दक्षिणेकडची आडवी फांदी. पहिलं फूल तिथं आलं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. हात पुरेना म्हणून मी आकडी लावून फांदी ओढली. साल सोलली ती तेव्हा. बाई, ती कीड नव्हती."

हेमाताईंचा हात आपोआप त्या फांदीकडं गेला. निळसर मोरचुदाखाली सोललेली खाच होती.

"गणपतीत दोन आली, एकाच फांदीला," अप्पा म्हणत होते. "पितृपंधरवड्यात एक. घटस्थापनेला एक. ते पाकळ्या मिटलेलंच होतं, तरी तोडलं. आणि कालची दोन. तुम्ही यायच्या आत मी रोज येऊन जात होतो. झाड फुलत होतं, बाई. तुमच्या हाताला यश होतं."

आता कुणीच हसत नव्हतं. कुणी अप्पांकडं बघतही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. हेमाताई मात्र बघत होत्या. मला वाटलं, आता हातातला पंप फेकून मारतील. पण त्यांनी विचारलं,

"कसं होतं?"

"काय?"

"पहिलं फूल. रंग कसा होता?"

"पिवळा. देठाशी केशरी."

"ती म्हणायची, केशरी येईल म्हणून," हेमाताई स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा आशा होती, आणि ती आशा बघवत नव्हती. "देवाला वाहिलंत ना ते? कुठल्या देवाला?"

'देवीला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या माउलीला बरं वाटलं असतं. खोटं असतं तरी पुण्याचंच झालं असतं. पण अप्पांकडं आता त्या जातीचं खोटंही शिल्लक नव्हतं.

"नाही वाहिलं," ते म्हणाले. "पिशवी नेली नव्हती त्या दिवशी. खिशात ठेवलं. वाटेत शेंगदाणे घेतले, ती पुडीही त्याच खिशात कोंबली. घरी पोचेपर्यंत फूल चुरगळून गेलं होतं. मी ते उकिरड्यावर टाकून दिलं."

हेमाताईंनी मान हलवली, दोनदा, तीनदा. रडल्या नाहीत. निळी सायकल त्यांनी माझ्यापाशी आणली, हँडल माझ्या हातात दिलं आणि अप्पांकडं न बघता म्हणाल्या, "घे. हवा भरलीये. चल."

बायका सायकलींवर बसल्या. बँकेतली ती माझ्याकडं बघून ओशाळं हसली. मीही बसले, पायडल मारलं. सायकल खरंच माझ्या उंचीची होती. त्या घरात पाऊल टाकल्यापासून जे मागत होते ते सगळं मला मिळालं होतं. माझं नाव धुऊन निघालं होतं, सगळ्यांसमोर, अगदी कायमचं. त्याला आता वीसेक वर्षं झाली, पण तेव्हा जी लाज वाटली तशी लाज मला आदल्या दिवशी पिशवी हातात असतानाही वाटली नव्हती. आदल्या दिवशीची लाज माझी नव्हती, ती झटकता तरी येत होती. ही घरची होती.

पुढच्या वळणापर्यंतही गेले नाही. उतरले.

"हेमाताई, उद्या येते. आज अप्पांबरोबर जाते."

त्यांनी सायकल घेतली.

अप्पा पिवळ्या बाणाच्या रस्त्यानं घाटाकडं निघाले होते. तो लांबचा रस्ता, तिकडं ओळखीचं कुणी भेटत नसे. मी त्यांना गाठलं आणि शेजारून चालायला लागले. ते थांबले.

"तू कशाला आलीस? मिळाली ना सायकल?"

"मिळाली."

"मग जा की. तुझा काही संबंध नाही यात. सांगितलंय मी सगळ्यांना."

समोरून फिरायला आलेले दोघेजण येत होते. एकानं हात वर करून "नमस्कार, अप्पासाहेब" म्हटलं. अप्पांना हात वर करता आला नाही. मीच दोघांच्या वतीनं नमस्कार केला. मग दोघंही खाली बघत घाटाच्या रस्त्यानं घरी गेलो.